ऑर्मथॉर्पचा ताबा

सर पियर्स थर्कलनं सुरीनं गवतासकट मातीचं ढेकूळ कापलं आणि जमिनीचा ताबा देण्याच्या रीतीप्रमाणे अर्लच्या कारभाऱ्याच्या ओंजळीत ठेवलं.

"ऑर्मथॉर्पचं घर, शेतं, रान आणि ओढा. सगळं मी अर्लसाहेबांच्या हवाली करतो."

फाटकापाशी आजूबाजूचे जमीनदार साक्षीला उभे होते. बऱ्याच जणांनी मान खाली घातली होती. थर्कलांनी जमीन घेतल्याचं त्यांनी ऐकलं होतं, दिल्याचं कधी नाही.

कारभारी हॅमन क्रेक खूश होता. त्या मुलखाचा सरदार असलेल्या अर्लला हरणं पाळायला हे रान हवं होतं. त्याच्या बदल्यात पियर्सला सीमेवरच्या किल्ल्याची किल्लेदारी मिळणार होती. तीस वर्षं अर्लच्या फौजेत लढताना त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं.

तेवढ्यात साक्षीदारांतला एक जण हळूच म्हणाला, "धूर."

सगळ्यांनी घराकडे पाहिलं. मागच्या भटारखान्याच्या धुराड्यातून धूर निघत होता. चांगला दाट, नुकती लाकडं घातल्यासारखा.

"घर रिकामं केलंय म्हणालात ना?" क्रेक म्हणाला.

"केलंय. सकाळीच सगळे गाड्यांतून गेले."

"बाईसाहेब?"

पियर्सनं धाकट्या भावाकडे पाहिलं. जर्व्हेस लंडनला वकिली करायचा. आजचा सगळा व्यवहार त्यानंच जुळवला होता. तो आता आपल्या हातमोज्याची शिवण निरखत होता.

"आई गाडीत बसली होती ना रे?"

"बसली होती, दादा. उतरली असेल."

क्रेकनं हातातल्या ढेकळाकडे पाहिलं. एवढं त्यालाही ठाऊक होतं. देणाऱ्याच्या घरचं माणूस आत असेल, तर ताबा झालाच नाही. मग हातात उरते ती नुसती माती.

"जा रे," तो आपल्या शिपायांवर ओरडला. "म्हातारीला काढा बाहेर!"

"जरूर काढा," जर्व्हेस म्हणाला. "मात्र हात लावलात की तो जबरीचा ताबा. राजाच्या न्यायाधीशापुढे मी स्वतः उभा राहीन. साक्षीदारांची अडचण नाही, तुम्हीच बोलावलेत."

जमीनदारांत कुणीतरी खोकल्यासारखं केलं. शिपाई जागचे हलले नाहीत.

"हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं?"

"मी तुमचा वकील नाही, क्रेक."

"मग आता?"

"स्वखुशीनं बाहेर आली तर प्रश्नच मिटला. मुलानं हात धरून आणलं तर कायद्याला ती स्वखुशीच वाटते."

क्रेक पियर्सकडे वळला. आवाज खाली आणून म्हणाला, "सर पियर्स, किल्लेदारीच्या हुकमावर अजून शिक्का उठलेला नाही. अर्लसाहेब मला पहिल्यांदा हेच विचारतील, की स्वतःच्या आईला स्वयंपाकातून उठवता आलं नाही का याला?"

पियर्स घराकडे चालू लागला.

भटारखान्यात त्याची आई, डेम इडोनिया, बाह्या वर सारून पीठ मळत होती. मुलगा दारात आला, तरी तिनं वर पाहिलं नाही.

"आई, चल. सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. पीठ अजून फुगायचंय."

"अर्लसाहेब चिडतील."

"चिडू दे की! त्याचा आजा याच अंगणात टोपी हातात घेऊन उभा राहायचा. तुझ्या आजोबांनी त्याचा खटला चालवावा म्हणून. आजोबा जेवण उरकून मग भेटायचे त्याला."

"तो काळ गेला, आई."

"काळ गेला. घर कुठे गेलं?"

पियर्स म्हणाला, "मला तो किल्ला हवाय. आयुष्यात एकच गोष्ट मागितली मी."

आता तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. त्याच्या भुवईवरच्या जखमेच्या वणावर तिची नजर थोडी रेंगाळली.

"मग घे," ती म्हणाली. "लग्न करून आले तेव्हा तुझ्या वडिलांनी हात धरून मला या दारातून आत आणलं. तू हात धरून बाहेर ने. मी एक शब्द बोलणार नाही."

आणि मनगटापर्यंत पिठानं भरलेला उजवा हात तिनं पुढे केला.

बाहेर क्रेक येरझाऱ्या घालत होता. ढेकूळ खाली ठेवायची त्याला भीती वाटत होती. माती सुकून बोटांतून गळत होती.

पियर्स एकटाच बाहेर आला. कुणी काही विचारायच्या आत त्यानं अंगावरचा अर्लच्या फौजेच्या रंगाचा अंगरखा नीट ओढून घेतला आणि रणात उभा राहायचा तसा ताठ उभा राहिला.

"क्रेक, अर्लसाहेबांना माझा निरोप सांगा. किल्लेदारी दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं. फ्रान्समध्ये त्यांच्यासाठी मी दोन किल्ले घेतले. हा मला घेता येत नाही."

"बाईसाहेबांना हात धरून आणायचं होतं फक्त!"

"हात धरला मी."

क्रेक काहीतरी बोलणार होता. पण त्याची नजर पियर्सच्या तोंडावर गेली आणि तो थांबला. सर पियर्सच्या ओठांना आणि करड्या मिशीला आईच्या हातावरचं पांढरंशुभ्र पीठ लागलं होतं. साक्षीदारांनीही ते पाहिलं. हसलं कुणीच नाही. एकेकानं डोक्यावरची टोपी काढली.