रिकामा काटा

माल मोजायच्या दिवशी स्टोअरकीपर कुणालाही आत फिरकू देत नसे. त्या दिवशीही त्याने जाळीच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

दारापाशी जमिनीत बसवलेला मोठा वजनकाटा रिकामाच होता, तरी आकडा दिसत होता. बावन्न किलो.

"काटा भरकटलाय," तो जाळीपलीकडच्या फोर्कलिफ्टवाल्याला म्हणाला.

"शून्य करा आणि सोडून द्या, साहेब. त्याचं काय एवढं मनावर घेता!" असं म्हणून तो जेवायला निघून गेला.

स्टोअरकीपरने काटा झाडला, कडेला काही अडकलंय का तेही पाहिलं. मग बटण दाबून शून्य केलं आणि आतल्या रॅककडे जाऊन बेअरिंगची खोकी मोजू लागला.

थोड्या वेळाने काटा बारीकसा वाजला. त्याने वळून पाहिलं. आकडा पुन्हा बावन्नच होता, फक्त त्याच्या आधी उण्याची खूण होती.

उणे कधी येतं, हे तो झोपेतही सांगू शकला असता. शून्य करताना काट्यावर जे असतं, ते नंतर खाली उतरलं, की.

रॅकला पाठ टेकवून त्याने खिसा चाचपला. किल्ली होती. दार मात्र काट्याच्या पलीकडे होतं.