बाद फोटोंचं पाकीट

फोटोंच्या संस्थेच्या बाईंनी पाकीट टेबलावर उपडं केलं आणि छकुलीच्या आईला चूक कळली. पाकीट तपकिरी होतं. चांगले फोटो पिवळ्या पाकिटात, आणि ते घरी, कपाटावर. तपकिरीत होते ते बाद.

तिनं दाराकडे पाहिलं. निघायच्या गडबडीत पाकीट पिशवीत टाकलं होतं ते नणंदेनं. वाटेत तिची बडबड चालू होती ती वेगळीच. "वहिनी, घरच्या अल्बमात शेजाऱ्यांचं मांजरसुद्धा आहे. सगळे फोटो तूच काढतेस, म्हणून तू तेवढी नाहीस. पोर मोठी झाली की विचारेल, आई तेव्हा गावाला गेली होती का?" आता तीच नणंद छकुलीला कडेवर घेऊन, सगळं झकास चाललंय अशी मान डोलावत होती.

बोलायची सोय नव्हती. संस्थेचा नियमच तसा. इथे फोटो घेऊन येणारे सगळे दूरदूरच्या मुलखांतून येऊन या शहरात राहिलेले. कुणी टॅक्सी चालवणारं, कुणी घड्याळं दुरुस्त करणारं, कुणी इस्पितळातली नर्स. दहा जणांच्या दहा भाषा. ज्याची जीभ जास्त चालते त्याचीच वर्णी लागू नये, म्हणून बाईंनी ठरवून टाकलं होतं : फोटोंबद्दल आधी बाकीच्यांनी बोलायचं. ज्याचे फोटो, त्यानं तोंड मिटून उभं राहायचं. पसंत पडले तर भिंतीवर प्रदर्शन, आणि फोटो धुण्याच्या खोलीची किल्ली वर्षभर आपली. नाही तर "पुढच्या वर्षी बघू." हे "बघू" ती दोनदा ऐकून घरी गेली होती.

चार वर्षं ती एकच काम करत होती. सकाळी बाजारातली दुकानं उघडतात, त्या माणसांचे फोटो. ऊन आपल्या पाठीशी असलं की समोरचा चेहरा छान उजळतो. फक्त आपली सावली फोटोत येऊ द्यायची नाही, एवढं सांभाळायचं. जिथे सांभाळणं चुकलं, ते फोटो तपकिरी पाकिटात.

टेबलावर आता सोळा चुका पसरल्या होत्या. शटर वर ढकलणारा न्हावी, पाव मांडणारी म्हातारी, फुलांवर पाणी मारणारा फुलवाला. आणि प्रत्येकाच्या पायाशी एक लांबलचक सावली.

"सावली," टॅक्सीवाला म्हणाला. एवढंच. तिचे कान तापले.

बाईंनी एक फोटो उलटा केला. मागे पेन्सिलीनं तारीख होती. त्यांनी दुसरा उलटला, तिसरा उलटला, आणि मग पत्ते लावावेत तसे सगळे फोटो भराभर तारखेप्रमाणे ओळीत लावून टाकले.

पहिल्या फोटोत सावली सडसडीत होती, कोपरं बाहेर काढून कॅमेरा धरलेली. पाचव्यात जरा तिरकी उभी, पोट पुढे आलेली. सातव्यात तिला दोन डोकी होती, एक मोठं, एक लिंबाएवढं. शेवटच्या फोटोत तिच्या गुडघ्याशी आणखी एक सावली होती, बुटकी, कपडा घट्ट पकडून उभी.

तेवढ्यात छकुली कडेवरून घसरली, टाचा उंचावून टेबलाशी उभी राहिली आणि फोटोवर बोट ठेवलं. "आई." पुढच्यावर ठेवलं. "आई." असं करत करत ती शेवटच्या फोटोपाशी पोहोचली आणि ओरडली, "आई! आणि मी!"

नर्सनं हसता हसता डोळे पुसले. "अगं बाई," नणंद पुटपुटली. ती टेबलावर वाकून एकेक सावली बघू लागली.

"बोल आता," बाई म्हणाल्या.

छकुलीच्या आईनं तपकिरी पाकीट उचललं. "पाकीट चुकून आलंय. हे... हे बिघडलेले फोटो आहेत."

घड्याळवाल्या काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बिघडलेलं काय असतं ते मला विचार, पोरी. जन्म गेला माझा त्यात. हे चालू आहे."

बाईंनी किल्ली तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली. "यापुढे कचऱ्यात काही टाकायचं असलं, तर आधी मला दाखवायचं."

बाहेर अंगणात ऊन कलतं झालं होतं. नणंदेनं छकुलीला पुढे उभं केलं, केस सारखे केले. "आता आमचा एक काढ चांगलासा." छकुलीच्या आईनं ऊन पाठीशी घेतलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"अगं वहिनी, सरक ना जरा! तुझी सावली पडतेय आमच्यावर."

"पडू दे," ती म्हणाली, आणि बटण दाबलं.