आधी पोहायचं असतं

कोसुमेलच्या किनाऱ्यावर मी पोरांना ट्रायथलॉन शिकवतो. यंदा त्यांच्यात साठीचे अनिसेतो आले. जन्मभर औषधांच्या दुकानात खुर्चीवर बसलेले.

"आजोबा, उद्या पोट घरी ठेवून या," पोरं चिडवायची.

ते रोज दुकानापासून सायकल दामटायचे, मग वाळूत धावायचे आणि शेवटी समुद्रात तरंगणाऱ्या पिवळ्या बोयापर्यंत पोहायचे.

"अहो, शर्यतीत आधी पोहायचं असतं," मी कितीदा समजावलं.

आज बोयाला हात लावून त्यांनी धापा टाकत विचारलं, "किती?"

"दुकानापासून इथवर एकवीस मिनिटं. कालच्याहून दोन कमी," मी होडीतून कौतुकानं म्हणालो.

"नात इथं बुडतेय, हा निरोप मला दुकानात मिळाला होता, मास्तर," ते म्हणाले. "अजूनही उशीरच होतोय."