कोरं कंट्रोल

इबतिहालनं प्रयोगाची चौथी फिल्म दिव्यासमोर धरली. कंट्रोलच्या जागी पुन्हा तोच काळा पट्टा, चांगला ठसठशीत.

तिथं काही म्हणता काही दिसायला नको होतं. बाकीच्या नळ्यांत अँटिबॉडीचा गळ टाकून एक प्रोटीन ओढायचं आणि त्याला चिकटून दुसरं येतं का बघायचं. कंट्रोलच्या नळीतला गळ मुद्दाम खोटा, काहीच न पकडणारा. त्यालाही मासा लागत असेल, तर बाकीची पकड काय कामाची? तिची तीन वर्षं पाण्यात, आणि सोमवारी प्रबंध परीक्षकांपुढे जायचा होता.

ट्युनिसच्या त्या लॅबच्या भिंतीवर सरांचा, सी शाझलींचा, फोटो होता, काळी फीत लावलेला. शेजारी चौकटीत त्यांची गाजलेली फिल्म. तिच्यात कंट्रोल कोरं होतं. जाण्याआधी सरांनीच हे काम इबतिहालला दिलं होतं. "माझं सगळं पुन्हा करून बघ, पोरी. आणि आधी कंट्रोल बघ." हे शेवटचं तर ते उठता-बसता प्रत्येकाला ऐकवायचे.

"खाला झुहरा, माझंच कुठंतरी चुकतंय," ती म्हणाली. "सरांचं कोरं आलं होतं."

झुहरा तीस वर्षं तिथं नळ्या भरत आली होती. तिनं फिल्म हातातही घेतली नाही.

"त्यांचंही असंच यायचं. सहा वेळा आलं."

"मग ही भिंतीवरची?"

"सातव्या वेळी कंट्रोलच्या नळीत पेशींचा रस घातलाच नाही. नुसतं पाणी. त्यांनी सांगितलं आणि मी भरलं." झुहरा खाली बघत होती. "तेव्हापासून धरलं त्यांनी ते, आधी कंट्रोल बघा, आधी कंट्रोल बघा."

इबतिहालला फोटोकडे बघवेना. सर आत्ता मागून येतील आणि खांद्यावरून वाकून बघतील, असं तिला वाटत राहिलं. राग आला, रडूही आलं.

झुहरानं नवी नळी काढली. "सोमवारच्या आत आणखी एकदा होईल. कुणाला कळायचं नाही. काय भरू?"

इबतिहालनं चौथी फिल्म आधीच्या तीन फिल्मशेजारी ठेवली.

"रसच," इबतिहाल म्हणाली. "बाकीच्यांत आहे तोच."

झुहराचा हात इतका थरथरला की थेंब नळीबाहेर पडला.

"त्या वेळी नव्हता थरथरला," ती म्हणाली.