नुसतं पाणी

शर्वरी दंतमहाविद्यालयात कवळी स्वच्छ करणाऱ्या द्रावणांची तुलना करत होती. कुणाला कुठलं दिलंय, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दत्ताराम आजोबांच्या बाटलीत तर तुलनेसाठी नुसतं पाणी होतं. तरी महिन्याने सर्वांत कमी जंतू त्यांच्याच कवळीवर निघाले.

“आजोबा, घरी आणखी काय वापरता?”

“काही नाही, बाळा. झोपताना तुमच्या औषधात बुडवून ठेवतो, एवढंच.”

ते तोंड तपासून घ्यायला आत गेले, तशी त्यांची बायको शर्वरीजवळ सरकली. “रोज पहाटे, ते उठायच्या आत, त्यांची कवळी मी घासते, मऊ ब्रशने. मागे तोंड आलं, तेव्हा पंधरा दिवस भाकरी गेली नव्हती त्यांना. त्यांचे हात कापतात, पण कबूल करवत नाही. त्यांना वाटतं, औषधच गुणी आहे. बोलू नका हं.”

नियमाप्रमाणे शर्वरीने आजोबांचं नाव अभ्यासातून वगळलं. ते बाहेर आल्यावर म्हणाली, “तुमची कवळी सगळ्यांत स्वच्छ निघाली!”

आजोबा खूश झाले. “मग एक बाटली हिलाही द्या की. हिचीही कवळी आहे, पण स्वतःकडे बघायला हिला वेळच नसतो.”