मोटार लावू काय रे?

दापोलीतल्या जुन्या घरांचे गंजलेले नळ दुरुस्त करायला आम्ही दोघे जायचो, मी आणि खंडू. तो विहिरीवर पंपाशी, मी घरात बटणापाशी. “मोटार लावू काय रे?” असं मी ओरडायचं आणि त्याचं “लाव!” ऐकल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा नियम. गेल्या शिमग्यात आमच्याकडे पालखी यायची होती. मला घाई होती. मी ओरडलो, पण उत्तरासाठी थांबलो नाही. उघड्या वायरींत हात घातलेला खंडू जागीच गेला. तेव्हापासून मी एकटाच जातो. आज मुंबईकरांच्या बंद घरात काम होतं. थंडीने बोटं वळत नव्हती. सडलेला लोखंडी पाइप बदलला, विहिरीवर पंप जोडून घरात आलो आणि बटणापाशी सवयीने तोंडातून निघालंच, “मोटार लावू काय रे?” विहिरीवरून लगेच खंडूचा आवाज आला, “थांब मेल्या, हात आत हाय अजून!”