व्याह्यांचा खिसा

“हाही शर्ट गेला!” मोरीत खिसा चोळत दीर पुटपुटले. “हळू, भाऊजी,” मी दटावलं. निवृत्तीनंतर यांनी कातयंत्रावर लाकडी पेनं घडवायला घेतली. देखणी व्हायची, पण हे आतली कळ जास्तच खोल ठोकायचे, त्यामुळे टोक कायम बाहेर आणि खिसे निळे. गप्पगप्प झालेला माणूस पुन्हा शीळ घालत होता, सांगणार कोण? घरात सगळ्यांना एकाएकी काळ्या शर्टांची आवड लागली. आज लेकीच्या लग्नाचं ठरवायला व्याही आले, पांढऱ्याशुभ्र शर्टात. होणारा जावई मात्र काळ्यात. त्याला पेन आधीच मिळालं होतं. यांनी नवं पेन व्याह्यांच्या खिशाकडे नेलं. सगळे पंख्याकडे बघू लागले. “बाबा!” जावई ओरडला. दोन्ही बाप दचकले. कालपर्यंत ‘काका’ म्हणणारा मुलगा यांच्याकडे वळला. “बाबा, पेन सुंदर आहे हो, पण टोक आत जात नाही.”